तीर्थनकाठी

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ नसतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते, आणि तिला वजन जवळपास नसतंच. फेकायची असते ती जड दोरी, माशी नुसती तिच्यामागून जाते. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर आमच्या वाटाड्याने, भाईजींनी, आधी दोरीला हातच लावू दिला नाही. बर्फगार पाण्यातला एक दगड उचलून त्यांनी उलटा केला. खाली वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या, आत अळ्या. मग डबीतून त्याच रंगाची माशी निघाली. ट्राउट ही मासळी दगडाआड, प्रवाहाकडे तोंड करून थांबते. माशी पाण्याच्याच वेगाने वाहत आली तर ठीक, दोरीने जरा ओढली की ही ढुंकूनही बघत नाही. एवढा नखरा करणारी ही ब्राऊन ट्राउट मुळात इथली नव्हेच. इंग्रजांनी स्वतःच्या हौसेसाठी ती हिमालयात आणून सोडली. इथल्या मूळच्या माशांचं त्यापायी काय झालं, हे आम्ही हौशी लोक सोयीस्करपणे विचारत नाही. दुपार कलल्यावर वीतभर, लाल ठिपक्यांची एक लागली. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून हात ओले करून धरली आणि सोडून दिली. भाईजींच्या मते ती तव्यावर जास्त शोभली असती.