एकच कबर, दोन कसोट्या

स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंगकालीन नगरात पुरातत्त्वज्ञ यालमार स्टोल्पे यांनी १८७८ साली दहाव्या शतकातली एक कबर उघडली. तलवार, कुऱ्हाड, भाला, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावरच्या सोंगट्या. ही योद्ध्याची कबर, म्हणजे पुरुषाचीच, हे शंभर वर्षं कुणालाच सिद्ध करावंसं वाटलं नाही. २०१७ मध्ये शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला. हाडं स्त्रीची निघाली. आक्षेप सुरू झाले ते त्यानंतर.

पहिला आक्षेप हाडांच्या अदलाबदलीचा. पण हाडांवर कबरीचा क्रमांक शाईनं लिहिलेला आहे, आणि दात व दंडाचं हाड एकाच व्यक्तीचं असल्याचं डीएनए सांगतो. दुसरा आक्षेप असा, की शस्त्रं सोबतच्या एखाद्या पुरुषाची असतील. त्या पुरुषाचं एक हाडही तिथं नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: शस्त्रांसह पुरलेली व्यक्ती लढलेलीच असेल असं नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन कबरींचा अभ्यास करून पुरातत्त्वज्ञ हाइनरिख हार्के यांनी तेच दाखवलं. तिथं लहान मुलांजवळही शस्त्रं ठेवलेली आहेत. मृत माणूस स्वतःची कबर सजवत नाही. मागे राहिलेले लोक त्याला जो मान देतात, तो त्या वस्तूंतून दिसतो. पण मग ही शंका बिर्कातल्या तलवारवाल्या प्रत्येक पुरुषाबद्दलही घ्यायला हवी होती. ती घेतली गेली नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

सोंगट्या म्हणजे डावपेचांची जाण, असं मानून तिला थेट सेनानी ठरवणंही मला पटत नाही. तेवढा भार त्या सोंगट्या पेलत नाहीत. तिच्या माणसांनी तिला शस्त्रधाऱ्याचा पूर्ण मान देऊन निरोप दिला, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. आणि ते थोडं नाही.

जसं शस्त्रांवरून योद्धा ठरत नाही, तसंच गुणसूत्रांवरून समाजातली ओळखही आपोआप ठरत नाही. फिनलंडमध्ये सुओंताका इथं १९६८ साली सापडलेल्या कबरीत स्त्रीवेशाचे अलंकार होते, आणि तलवारही. हे जुळेना म्हणून काहींनी तिथं स्त्री आणि पुरुष असे दोघं पुरल्याचं मानलं. पण कबर एकाच व्यक्तीची होती. २०२१ च्या अभ्यासानुसार त्या व्यक्तीची लिंग-गुणसूत्रं बहुधा एक्सएक्सवाय, म्हणजे नेहमीच्या एक्सएक्स किंवा एक्सवायहून वेगळी, होती. तिला पुरणाऱ्यांनी अलंकार आणि तलवार एकाच देहावर ठेवली होती.