अक्षरांचीही उगवण चाचणी घ्या

खरिपाच्या तोंडावर आम्ही कृषी खात्याची माणसं गावोगाव एकच गोष्ट सांगत फिरतो : घरचं सोयाबीन पेरण्याआधी उगवण चाचणी घ्या. शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळा, सत्तर किंवा जास्त कोंब आले तर पेरा. शेतकऱ्यांना हे आता पटलं आहे. पण त्याच घरात दुसरी-तिसरीत जाणारं पोर असतं, त्याची चाचणी कोणी घेत नाही. पोरगं रोज शाळेत जातं, वह्या भरतात, वरच्या वर्गात सरकतं. म्हणजे त्याला वाचता येत असेल, असं आपण धरून चालतो. हे धरून चालणं महागात पडत आहे.

'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी देशभरातल्या खेड्यांत होते. कार्यकर्ते शाळेत नव्हे, घरी येतात आणि मुलापुढे एक कागद ठेवतात. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल कुठवर वाचतं तेवढं टिपून घेतात. २०२२ आणि २०२४ या दोन्ही पाहण्यांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली नाही. बियाण्याची निम्मी उगवण झाली नाही, तर आपण दुकानदाराच्या दारात जाऊन बसतो. इथे मात्र सगळे चिडीचूप!

शेतीवाल्याने यात का पडावं, असं कोणी विचारेल. औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, एवढं न वाचताही कळतं. पण पंपाला किती मिली टाकायचं, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे वाचावंच लागतं. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पासबुकावर तिसरं, अशी ऱ्हस्व-दीर्घाची आणि काना-मात्रेची गडबड झाली की अनुदानाचा अर्ज अडकतो. मग तलाठी भाऊसाहेब, महा-ई-सेवा केंद्र आणि बँक अशा चकरा सुरू. औषधाची मात्रा चुकली तर पीक जळतं, अक्षराची मात्रा चुकली तर काम अडतं. उद्याची शेती तर मोबाईलवर आलीच आहे. ज्याला वाचता येत नाही, तो दुसऱ्याच्या भरवशावर.

मग करायचं काय? शिकवणी लावायची? माझं मत असं की आधी घरात आणि अंगणात खेळ लावा. हे शहरातलं फॅड नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. शिकवायला साधन काय, तर बिया, खडे, पानं, शिंपले. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिचं नावच त्या कामातून आलेलं आहे.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या फलटणचं. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. मॅक्सिन बर्नसन फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९७८ साली त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. त्यांच्या वाचन शिकवण्यातली मुख्य गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटावी अशी आहे : सगळी मुळाक्षरं एकदम पाठ करून घ्यायची नाहीत. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची, त्यांचे लगेच शब्द करायचे, मग पुढचा गट. एकदम सगळं रान नांगरून ठेवण्यापेक्षा एकेक वाफा पेरत जाणं बरं.

करून बघा. म, क, र, स, ल, न ही सहा अक्षरं आणि एक काना. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला मोठी लिहून पत्ते करा. त्यातून मका, काम, रान, रस, माल, साल, कान, नाक असे किती शब्द होतात बघा. ज्याचे जास्त शब्द, तो जिंकला. वर्णमालेची रांग उच्चाराच्या हिशेबाने उत्तमच आहे, पण नुसतं 'क, ख, ग, घ' पाठ म्हणणाऱ्या मुलाला मधलं 'घ' बोटाने दाखवलं तर तो 'ध' म्हणतो. पाठ होणं वेगळं, ओळखणं वेगळं.

त्याच्याही आधी कानाचा खेळ. खुरपताना, गाडीत बसल्यावर, भाकरी थापता थापता खेळता येतो. 'क'ची वस्तू सांग : कणीस, कांदा, कुदळ, केळ, कोळपं. यात अर्धी बाराखडी आली की नाही? मग भेंड्या : शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. अंगणात कोळशाने ठिकरीची घरं आखा, घराघरात अक्षर लिहा. ठिकरी ज्या घरात पडेल त्याचा आवाज म्हणायचा, एक शब्द सांगायचा आणि मगच लंगडी घालायची. लहानग्यांना चिंचोके मांडून अक्षराचा आकार करायला लावा. मात्र तीन वर्षांखालच्या पोरांच्या हाती चिंचोके नकोत, नाका-तोंडात घालतात. आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या किंवा प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशव्या खेळायला अजिबात देऊ नका.

थोडं मोठं झालं की शुद्धलेखनाचा खेळ. एकाने शिवारातला शब्द लिहायचा, दुसऱ्याने त्याला 'ला' लावून लिहायचं. पीक–पिकाला, ऊस–उसाला, मूग–मुगाला, तूर–तुरीला, विहीर–विहिरीला, जमीन–जमिनीला, दूध–दुधाला. आठ-दहा शब्द झाले की मूलच सांगतं, 'ला' लागला की दीर्घाचं ऱ्हस्व झालं! नियम न शिकवता नियम सापडला. 'र'चंही तसंच. ग्रामपंचायत, कर्ज, ट्रॅक्टर, शेतकऱ्याला. चार शब्द, 'र'ची चार रूपं. एसटीच्या पाट्या, दुकानाचे फलक, पंचायतीचा नोटीस बोर्ड यांवर ती शोधायला लावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. आपलं पोर घरात ऐकतं तसं 'पानी' म्हणतं आणि तसंच लिहितं. त्याने ऐकलेला आवाज बरोबर लिहिला, हे आधी मान्य करा. मग 'पुस्तकात पाणी असं लिहितात' हे दाखवा. हसू नका, मारू नका. हसण्याची भीती एकदा बसली की पुढे पुण्याला कॉलेजात गेलेली हुशार पोरंसुद्धा वर्गात तोंड उघडत नाहीत. घरची बोली आणि लिहायची भाषा, दोन्ही आपल्याच.

इंग्रजीचा हट्ट धरणाऱ्यांनाही दोन शब्द. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याला माझा विरोध नाही. पण इंग्रजीत अक्षराचं नाव एक आणि आवाज दुसरा. 'सी' म्हणायचं आणि 'कॅट'मध्ये 'क' वाचायचं. मराठीत 'क' म्हणजे 'क'च. आवाजाला खूण असते ही गोष्ट मुलाला आधी आपल्या भाषेत कळली, तर इंग्रजीत तो कमी अडखळेल. पिवळ्या बसमागे धावताना हा पाया विसरू नये.

'खेळून कुणी साहेब झालंय का?' असं पारावर ऐकू येतं. खरं आहे, नुसत्या खेळाने भागत नाही. पेरणी गुरुजींनी आणि बाईंनीच करायची. खेळ म्हणजे खुरपणी; ती वेळच्या वेळी झाली नाही तर पेरलेलं तणात जातं. रोजची पंधरा मिनिटं पुरेत. आई-बापाला वाचता येत नसेल तर मोठा भाऊ, आजी, शेजारची ताई आहेच. कानाच्या खेळाला तर अक्षरओळखही लागत नाही.

पुणे शहराला विद्येचं माहेरघर म्हणतात. पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती १९६७ पासून तिथेच आहे. त्याच शहरात बांधकामावर राबायला गेलेल्या गावाकडच्या माणसांची पोरं शाळेविना राहत होती, म्हणून 'डोअर स्टेप स्कूल' या संस्थेने १९९३ पासून पुण्यात काम सुरू केलं आणि बांधकामाच्या जागीच वर्ग नेले. शहरात पत्र्याच्या खोलीत हे होतं, तर आपल्याकडे समाजमंदिर आणि देवळाचा ओटा रिकामा पडलेला असतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे एवढंच मागणं आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून अंगणवाडीला आणि शाळेला अक्षरपत्ते, फळे, खडू, गोष्टींची पुस्तकं घ्या. सतरंज्या आणि खुर्च्या पुष्कळ झाल्या. केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं असं ठरवलं आहे. आपल्या गावात तिसरीची मुलं किती आणि गोष्ट वाचणारी किती, हे दोन आकडे पुढच्या ग्रामसभेत गुरुजींना विचारा. त्यांना दोष देण्यासाठी नव्हे, मदत कुठे करायची ते कळावं म्हणून. पावसाचा आकडा आपण रोज विचारतो, तसाच हाही विचारला पाहिजे.