ताणलेल्या हृदयाची रक्तातील खूण
सुरतेतील उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून येऊन यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला उच्च रक्तदाब बहुधा जाणवतही नाही; तरी वाढीव दाबाविरुद्ध रक्त ढकलताना त्याच्या हृदयाचा डावा निलय, म्हणजे शरीरभर रक्त पाठवणारा कप्पा, जाड व ताठर होत जातो. या ताणाने निलयाच्या पेशी बीएनपी हे संप्रेरक सोडतात (१९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम सापडले ते डुकराच्या मेंदूत!) आणि ते मूत्रपिंडांकरवी मीठ-पाणी बाहेर टाकून रक्तवाहिन्या सैल करते. त्याच्यासोबत सुटणारा एनटी-प्रोबीएनपी हा निष्क्रिय तुकडा रक्तात अधिक काळ टिकतो, म्हणून हृदयावरील ताणाचा अंदाज घेण्यासाठी रक्ततपासणीत तो मोजतात. मात्र वय व मूत्रपिंडविकार यांमुळे तो वाढतो, लठ्ठपणात कमी दिसतो, आणि आकडा सामान्य असूनही निलय जाड असू शकतो, त्यामुळे या तपासणीला इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, पर्याय मानणे घाईचे ठरते.