तारीख कुणाच्या खिशात?

दोस्तहो, 'कामकाज सल्लागार समिती' हे नाव तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलंय? मोर्च्यात घसा फोडणारे आपण. मंत्र्याच्या नावानं शिमगा करणारे आपण. अन् गळ्याला हात न लावता आपला आवाज जिथं बंद होतो, त्या खोलीचं नावही आपल्याला ठाऊक नाही. मला तरी कुठं होतं? आमच्या वस्तीतल्या पोरांनी एका आमदाराला गायरानाचा प्रश्न लिहून दिला. साहेब गोड हसले, कागद खिशात घातला. पुढं अधिवेशन संपलं. विचारलं तर म्हणे, 'कामकाजात नंबरच लागला न्हाई बाबा.' नंबर! रेशनच्या रांगेत नंबर, दवाखान्यात नंबर, अन् आता विधानसभेतही नंबर.

तर ऐका. अध्यक्षांच्या दालनात पक्षांचे पुढारी बसतात. कोणतं बिल कोणत्या दिवशी, कोणत्या विषयाला किती तास, हे तिथं ठरतं. संविधानाच्या कलम 174 नं सरकारला एवढंच बांधलंय, की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त खंड नको. किती दिवस बसायचं याची सक्ती नाही. मग दिवस थोडे, बिलं ढीगभर, पुरवणी मागण्या घाईघाईत. अन् दलितांवरच्या अत्याचाराची चर्चा? ती संध्याकाळी, बाकं रिकामी झाल्यावर. 288 च्या सभागृहात 29 डोकी असली की गणपूर्ती होते. तेवढीही नसली तरी कुणी उठून बोट दाखवेपर्यंत गाडी चालूच. साध्या आमदाराचं बिल शुक्रवारी, म्हणजे निम्मे लोक गावाकडच्या गाडीत बसल्यावर.

वर म्हणतात, वेळच नाही. साफ खोटं. आपल्याच जालना जिल्ह्याकडं बघा. 1 सप्टेंबर 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, आंदोलन पेटलं, सरकारची झोप उडाली. 20 फेब्रुवारी 2024 ला एका दिवसाचं खास अधिवेशन भरलं अन् मराठा समाजाला 10 टक्के आरक्षणाचं बिल त्याच दिवशी दोन्ही सभागृहांतून बाहेर पडलं. गरीब मराठ्याच्या पोराशी आपलं भांडण नाही. लाठी त्याच्याही पाठीवर पडली, अन् त्याच्या नावाचं बिल वाचायला, उलटसुलट विचारायला सभागृहानं एक दिवससुद्धा धड दिला नाही. पण एक गोष्ट त्यातून उघडी पडली: खुर्ची हलली की तारीख सापडते.

आपल्यालाही एकदा अशीच झटपट तारीख मिळाली होती. 27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी एकमतानं केला. एकमतानं बरं का! एकानंही विरोध केला नाही, अन् बाहेर मराठवाडा पेटला. गावोगाव आपली घरं जळली, पोचिराम कांबळे मारला गेला. सभागृहानं हात वर करून हात झटकले. अंमल उजाडला 14 जानेवारी 1994 ला, तोही निव्वळ नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणून. त्याच्या आधी, नोव्हेंबर 1993 मध्ये, नांदेडात गौतम वाघमारेनं स्वतःला जाळून घेतलं होतं. मुख्यमंत्री दोन्ही वेळा एकच, शरद पवार. साडेपंधरा वर्षांत हा विषय किती दिवस किती तास बोलला गेला, हे विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांनी कार्यवृत्तं उघडून मोजावं. पीएचडी करायला विषय शोधत हिंडता ना?

अन् बाबासाहेबांना तरी कुठं सोडलं? हिंदू कोड बिल आज-उद्या करत 1951 पर्यंत रखडवलं, शेवटी गुंडाळलं. बाबासाहेबांनी मंत्रिपद फेकलं. ऑक्टोबर 1951 मध्ये ते राजीनाम्याचं निवेदन करायला उभे राहिले, तर उपसभापती म्हणतात, आधी प्रत द्या आणि आम्ही ठरवू त्या वेळी बोला. ज्यानं घटना लिहिली त्याला वेळ ठरवून देतात! ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन थेट वर्तमानपत्रांच्या हाती दिलं.

नागपूरचं काय सांगावं. 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन, बाहेर गोवारींचा मोर्चा. आतून बोलायला कुणी येईल म्हणून बाया-पोरं दिवसभर ताटकळली. मग लाठ्या, मग चेंगराचेंगरी. 114 मेले. त्या दिवशीच्या कामकाजपत्रिकेत गोवारी नव्हते, मेल्यावर आले.

म्हणून यापुढं नुसत्या घोषणा नकोत. अॅट्रॉसिटी कायद्याच्या 1995 च्या नियमांत लिहिलंय: मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य दक्षता समितीनं वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैत बसायचं. जिल्हा समितीनं दर तीन महिन्यांनी. म्हणजे तारीख कायद्यानंच दिलीय, कुण्या पुढाऱ्याच्या मेहरबानीवर नाही. जालना, बदनापूर, भोकरदन, परतूर, घनसावंगी, पाच मतदारसंघ आहेत आपले. त्यातला बदनापूर राखीव. पाचही आमदारांच्या दारात जा आणि तारांकित प्रश्न लिहून द्या: बैठक कोणत्या तारखेला झाली, कोण हजर होतं, जिल्ह्यातले किती खटले निघाले, किती जणांना शिक्षा लागली. कागदाची पोच घ्या. अधिवेशन सुरू झालं की प्रश्नांची यादी मिळवा आणि वस्तीतल्या फळ्यावर लिहा: कुणी विचारला, कुणी खिशात घातला. नावासकट लिहा.