बायपास फुकट, गोळी विकत

महाराष्ट्रात हृदयाची बायपास सरकारी योजनेतून फुकट होऊ शकते. ती वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायची रक्तदाबाची गोळी मात्र त्या योजनेत बसत नाही.

योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं. २०२३ मध्ये सरकारने रेशनकार्डाचा रंग न बघता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण जाहीर केलं. ज्या बाईचं डायलिसिस या योजनेवर चालतं, तिच्यासमोर योजनेला फसवी म्हणायची माझी हिंमत नाही. ती फसवी नाहीच. पण तिची सुरुवात माणूस अॅडमिट होण्यापाशी होते.

त्याआधीचं सगळं, म्हणजे ओपीडी, तपासण्या, महिन्याची औषधं, हे प्राथमिक आरोग्य केंद्राने बघायचं. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजारांमागे एक, असा निकष आहे. तिथे औषध मोफत. खिडकीवर ऐकू येतं ते वेगळंच: ‘संपल्यात, बाहेरून घ्या.’ रोजंदारीवरचा माणूस एक महिना बाहेरून घेतो, दुसऱ्या महिन्यात सोडतो. साखर मूत्रपिंडापर्यंत पोचली की मग तो योजनेत बसतो!

मी गोदामांच्या साठ्याचं सॉफ्टवेअर लिहितो. बिस्किटांचे पुडे ठरावीक आकड्याखाली गेले की ऑर्डर आपोआप निघते. यात हुशारी काही नाही. तमिळनाडूने तर १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. एकत्र खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम, औषधांची तपासणी आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक. तेव्हा आपल्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते. आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली आणि २०२३ मध्ये काढून घेऊन नवं प्राधिकरण केलं. त्याच वर्षी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यातली १२ नवजात बाळं. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

तुम्ही म्हणाल, पैसा कुठून आणायचा? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानेच राज्यांना सांगितलं होतं की २०२० पर्यंत आरोग्यावर बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च करा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. कार्डवाटपाला मंडप घालता येतो, गोळ्यांच्या खोक्याला घालता येत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि आपण? ऑफिसची ग्रुप पॉलिसी आहे, म्हणून हा प्रश्न ‘गावाकडचा’ वाटतो. नोकरी गेली की पॉलिसी जाते. आईची शुगर राहतेच.

साठा नोंदवायला राज्यात ई-औषधी ही प्रणाली आहे. मग तो आकडा गावातल्या माणसाच्या फोनवर दिसू द्या. अमुक केंद्र, मेटफॉर्मिन, शिल्लक इतक्या, पुढचा माल अमुक तारखेला. शून्य असेल तर शून्य दाखवा. पुढच्या निवडणुकीत कोणी पाच लाखांचे दहा लाख करायला निघालं, तर त्याला आधी तुमच्या तालुक्यातला हा आकडा विचारा.