विश्लेषण : धरणाकाठची टुमदार ‘केबिन’ नियमांत बसते का?

त्रिकोणी छपराची लाकडी केबिन, समोर पवना धरणाचे पाणी आणि पलीकडे तुंग-तिकोना. मुंबई-पुण्याच्या पर्यटकांचा शनिवार-रविवारचा हा ठरलेला बेत झाला आहे. मात्र अशा निवासांना परवानगी कोण देते, त्यांचे सांडपाणी कुठे जाते आणि कर कोण भरते, हे बुकिंग करताना सहसा कुणी विचारत नाही.

लाकडी केबिनला परवानगी लागते?

‘लाकडी आहे, पाया नाही, म्हणजे तात्पुरती’ हा सर्रास होणारा गैरसमज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बांधकामाबरोबरच जमिनीच्या वापरातील बदलही ‘विकास’ ठरतो. साहित्य लाकूड आहे की सिमेंट, यावर ते ठरत नाही. मावळ तालुका ‘पीएमआरडीए’च्या हद्दीत येतो. विनापरवाना विकास झाल्यास याच कायद्याच्या कलम ५३ खाली तो काढून टाकण्याची नोटीस देता येते.

शेतघर भाड्याने देता येते?

जमीन महसूल संहितेत शेतघराचा अर्थ मर्यादित आहे : अवजारे, पीक ठेवणे, शेतकरी कुटुंबाचे किंवा शेतमजुरांचे राहणे. तेच घर रोजच्या भाड्याने देणे हा व्यावसायिक वापर झाला. शेतकऱ्यांसाठी राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला त्यात नोंदणी करता येते. अट एकच, तिथे शेती खरोखर व्हायला हवी. फक्त हिरवळ आणि तरणतलाव म्हणजे कृषी पर्यटन नव्हे.

सांडपाणी हा कळीचा मुद्दा का?

पवना धरणातून सोडलेले पाणी नदीमार्गे रावेत बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून पिंपरी-चिंचवड शहराला पुरवले जाते. काठावरच्या निवासांना मलनिस्सारण वाहिनी नसते. भिस्त सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर असते. डोंगरउतारावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ असेल, तर पावसाळ्यात शोषखड्डा तुंबून घाण ओढ्यात उतरू शकते. म्हणजे शनिवारी केबिनमध्ये राहिलेल्या पिंपरीकराच्याच नळाशी हा प्रश्न जोडलेला आहे. याच पाण्याच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलीस गोळीबारात तिघांचा बळी गेला होता. धरणासाठी जमिनी दिलेल्या गावांसाठी काठावरची प्रत्येक नवी भिंत म्हणूनच संवेदनशील विषय आहे.

कर कोण भरतो?

दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, तर त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. मालकाची जीएसटी नोंदणी नसेल आणि बुकिंग ऑनलाइन मंचावरून झाले असेल, तर कर भरण्याची जबाबदारी त्या मंचावर येते. मात्र ‘जीपे करा, पाचशे कमी घेतो’ अशा थेट व्यवहारात पर्यटकाच्या हाती पावतीही राहत नाही. अपघात झाला, तर दाद मागणे अवघड होते.

पर्यटकाने काय पाहावे?

बुकिंगआधी नोंदणी क्रमांक, पक्की पावती आणि अग्निशमनाची सोय विचारावी. लाकडी केबिनमध्ये शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. पण खरी जबाबदारी यंत्रणेची आहे. एखादी दुर्घटना घडली की पाडापाडी आणि एरवी दुर्लक्ष, असेच सुरू राहिले तर नियम पाळणारा छोटा शेतकरी स्पर्धेत मागे पडेल आणि धरणकाठ मात्र भरत जाईल.