विश्लेषण : ‘जीएसटी’ घटूनही हस्तकलेचा छंद खर्चीक का?

वस्तू आणि सेवा कराचे (जीएसटी) नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. विणकाम, शिवणकाम, चित्रकला यांसाठी लागणाऱ्या अनेक वस्तूंवरील कर त्यात कमी झाला. मग घरबसल्या छंद जोपासणाऱ्यांचा खर्चही तेवढाच घटला का?

कोणत्या वस्तूंवरील कर बदलला?

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा स्वस्त दोरा बहुतेकदा अ‍ॅक्रेलिकचा असतो. अशा कृत्रिम धाग्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. शिलाई यंत्रे आणि त्यांच्या सुट्या भागांनाही हीच सवलत मिळाली. पेन्सिली, मेणखडू आणि शिंप्यांचा खडू यांवरील १२ टक्के कर पूर्ण रद्द झाला. सुती धाग्यावर आधीपासूनच ५ टक्के कर होता, त्यामुळे तेथे फरक पडला नाही. मुलामा नसलेला साधा सुटा कागद मात्र १२ वरून १८ टक्क्यांच्या टप्प्यात गेला. वह्यांसाठीचा कागद त्यातून वगळला आहे. म्हणजे वही करमुक्त, पण घडीकाम किंवा शुभेच्छापत्रांसाठी घेतलेला सुटा कागद महाग, अशी स्थिती आहे.

प्रत्यक्षात बचत किती?

दुकानदाराने करकपात पूर्णपणे ग्राहकाला दिली, असे गृहीत धरू. करापूर्वी १०० रुपये किंमत असलेला लोकरीचा गोळा पूर्वी ११२ रुपयांना पडत होता, तो आता १०५ रुपयांना पडेल. दहा गोळ्यांमागे ७० रुपये वाचतील. मात्र त्यातील एक जरी गोळा न वापरता पडून राहिला, तरी १०५ रुपये अडकतात आणि सगळी बचत संपते. १० हजार रुपये मूळ किमतीच्या शिलाई यंत्रावर ७०० रुपये वाचतात. पण यंत्र वर्षातून दोनदाच वापरले जाणार असेल, तर ओळखीच्यांकडून तेवढ्यापुरते मागून आणणे केव्हाही परवडते.

मग खर्च वाढतो कुठे?

बहुतेक नवशिके आधी नमुना निवडतात आणि मग यादीनुसार सामान घेतात. क्रोशे शिकायला एक सुई आणि एक गोळा पुरतो. खरेदी मात्र डझनभर सुयांच्या संचापासून सुरू होते. पुढे रंग कमी पडू नये म्हणून जादा दोरा घेतला जातो. ही भीती निराधार नाही. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या दोऱ्याच्या छटेत फरक पडतो. त्यावर उपाय म्हणजे सुरुवातीला वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांचे किंवा चौकोनांचे काम निवडणे. उरलेला दोरा त्यातच संपतो.

गोधडीचा हिशेब काय सांगतो?

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ याच्या उलट क्रमाने तयार होते. जुनी लुगडी, धोतरे, विरलेली चादर असे घरात जे असेल ते आधी जमवायचे. लांबी-रुंदी आणि रंगसंगती त्यावरून ठरते. विकत घ्यायचा तो दोरा आणि सुई. टाका साधा धावदोऱ्याचा. अर्थात ही काटकसर गरजेतून आली होती आणि त्यामागे बायकांचे अनेक दुपारींचे श्रम होते. ते फुकट धरता येत नाहीत. पण हौसेखातर करणाऱ्याकडे पैसे कमी आणि वेळ थोडा जास्त असेल, तर हा क्रम उपयोगी ठरतो.

कमी पैशांत सुरुवात कशी?

शिंप्याकडच्या चिंध्या, उसवलेल्या स्वेटरची लोकर, जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यांवर हात बसवता येतो. मुंबईचे मंगलदास मार्केट किंवा पुण्याची रविवार पेठ येथे घाऊक दर कमी असतात, पण माल जास्त घ्यावा लागतो. तो तिघी-चौघींनी वाटून घेतला तरच स्वस्त पडतो. हातातले काम पूर्ण झाल्यावरच पुढचे सामान आणायचे, हा नियम पाळला तर करकपातीतून मिळालेले पैसे खरोखर वाचतात.